अकरा ते बारा

मुरलीधरने कागदाची बोटभर पट्टी फाडली, तिच्या दोन्ही टोकांना डिंक लावला आणि सर्व्हरच्या खोलीचं दार जिथे चौकटीला मिळतं तिथे, घोट्याच्या उंचीवर चिकटवली. दार उघडलं की पट्टी फाटणार होती. उभ्या माणसाच्या नजरेला ती पडणार नव्हती. दोन पावलं मागे जाऊन त्याने पुन्हा एकदा पाहिलं, रुमालाला बोटं पुसली आणि काउंटरच्या मागे, कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीवर येऊन बसला.

साडेदहा वाजले होते. विजय नगरच्या त्या लॅबमध्ये हीच गर्दीची वेळ. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं चहानाश्ता करून रिपोर्ट न्यायला परत येत. कोणी अधारतालहून आलेलं असे, कोणी शहपुऱ्याची बस पकडून. काउंटरवर दोघी बसत. बेबी नावं पुकारून रिपोर्ट द्यायची. अंजनी तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर सोनोग्राफीची चित्रं आणि पेशंटांचे जुने कागद स्कॅन करून सर्व्हरवर चढवायची. तिला इथे सहा वर्षं झाली होती. मुरलीधरला दीड.

अंजनी उठली. मुरलीधरने मांडीवरची वही उघडली आणि लिहिलं, दहा पंचेचाळीस, उठली. ती कूलरकडे गेली, ग्लासभर पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. मुरलीधरने लिहिलं, दहा सत्तेचाळीस, बसली.

अशी वही ठेवायची सवय त्याला कारखान्याने लावली होती. संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्याने यंत्रं लावली, आणि यंत्र कधी बिघडलं, त्या वेळी जवळ कोण होतं, हे रोज लिहिलं. निवृत्त झाल्यावर त्याने सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला. क्लासमध्ये बाकी सगळे त्याच्या नातवंडांच्या वयाचे होते. लॅबच्या मालकीण विभावरी मॅडमनी त्याला कामावर ठेवलं ते त्या सवयीसाठीच. एसी, बॅटऱ्या, प्रिंटर, सर्व्हर, सगळं त्याच्याकडे.

अकरा वीसला बेबी मान न वळवता म्हणाली, "काकाजी, गेलं."

दोघींच्या पडद्यांवर सगळं थिजलं होतं. काउंटरसमोर माणसं पुढे सरकली. मुरलीधर आधी दाराकडे गेला आणि वाकला. पट्टी शाबूत होती. खोलीत कोणी गेलेलं नव्हतं.

तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून उभा राहताना त्याच्या मनात आलं, म्हणजे अंजनी हे काउंटरवर बसूनच करते. त्याने पट्टी फाडून खिशात घातली, कुलूप काढलं आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. दहा मिनिटं गेली. परत येताना त्याने अंजनीकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

होळीनंतर हे सुरू झालं होतं. त्या वेळी सर्व्हरचं जुनं नेटवर्क कार्ड जळालं म्हणून मुरलीधरने नवीन बसवलं. दोन-चार दिवस ठीक गेले असं त्याला वाटलं, मग सर्व्हर रोज अकरा ते बारामध्ये जाम व्हायला लागला. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, ते म्हणाले आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमची लाइन पाहा. त्याने केबल बदलली. आठ दिवसांनी पुन्हा बदलली. बॅटऱ्या तपासल्या. खोलीतला एसी दोन अंश खाली आणला. दुपारनंतर सर्व्हर नीट चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजले की पुन्हा तेच.

याच सुमारास त्याला कळलं, की अंजनीचा नवरा शशिकांत जानेवारीपासून चौकातल्या नवीन लॅबमध्ये कामाला लागला आहे. अंजनीने ही गोष्ट लपवली नव्हती. तिने बेबीला सांगितली होती, बेबीने त्याला. पण मुरलीधरला ती तीन महिन्यांनी कळली, आणि उशिरा कळलेली गोष्ट त्याला लपवलेलीच वाटली. त्या दिवसापासून वहीत तिसरा रकाना आला. पहिला वेळेचा, दुसरा सर्व्हरचा, तिसरा अंजनीचा.

मागच्या सोमवारी शहपुऱ्याची एक पोटुशी बाई सासूबरोबर सकाळपासून बसून राहिली. तिचा रिपोर्ट अडकला, मग प्रिंटरला रांग लागली, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत तिचे डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी विभावरी मॅडमना फोन केला. यापुढे पेशंट दुसरीकडे पाठवीन, असं ते म्हणाले. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. चौकातल्या लॅबमध्ये, असं मुरलीधरने स्वतःच धरून चाललं.

पट्टी शाबूत निघाली तो मंगळवार होता. त्याच दुपारी तो वही घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडमनी पानं उलटली. त्यांनी काही विचारायच्या आतच त्याने सांगितलं, की अंजनी गेल्या दोन महिन्यांत तीन दिवस सुट्टीवर होती आणि त्या तिन्ही दिवशी सर्व्हर एकदाही पडला नाही.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही मॅडम. लिहिलेलं आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहा वर्षांत अंजनीने एक नमुना इकडचा तिकडे होऊ दिला नाही, हे त्या म्हणाल्या. शशिकांतचं आधीचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा वर्षभर ते घर तिच्याच पगारावर चाललं, हेही म्हणाल्या. जो माणूस मुद्दाम काम पाडल्याच्या संशयावरून जातो, त्याला शहरातली दुसरी कुठलीच लॅब उभं करत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ती परवा आणि तेरवा सुट्टीवर आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या. "नणंदेकडे साखरपुडा आहे. ते दोन दिवस पाहा. तसंच निघालं तर शनिवारी मी तिला सांगते, पहिल्या तारखेपासून येऊ नको. आणि काका, तिचं काम शिकून घ्या तोपर्यंत. मला लगेच दुसरी बाई मिळायची नाही."

गुरुवारी अंजनी नव्हती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले. सर्व्हर हलला नाही. बेबी एकटी रिपोर्ट काढत राहिली, एकही माणूस खोळंबला नाही. मुरलीधरने वहीत ठळक अक्षरात लिहिलं, पडला नाही. त्या दिवशी घरी जाताना त्याने बायकोसाठी, नर्मदेसाठी, आंबे घेतले. तिने विचारलं, आज काय विशेष. तो म्हणाला, काही नाही, एक काम मार्गी लागून राहिलं.

शुक्रवारी मॅडमच्या सांगण्याप्रमाणे तो अंजनीच्या खुर्चीवर बसला. कॉम्प्युटरजवळ कागदांचा ढीग होता, हातभर उंच. त्याने बेबीला विचारलं, हे कशाचं.

"कालचं अन् आजचं. चित्रं अन् जुने कागद," बेबी म्हणाली. "ते दीदीच चढवते न, अकरा ते बारा. दीदी नसली की मी ठेवून देते. ती आली की दोन दिवसांचं एकदम करते."

"तू काहून नाही करत?"

"मला रिपोर्टातून सवड भेटते का काकाजी? अन् तिच्यासारखा हात कोणाचा चालते?"

मुरलीधर कामाला लागला. पहिले पाच-सहा कागद त्याला जड गेले, मग बोटांना सवय झाली. चित्र उघडायचं, नाव घालायचं, चढवायचं. तो मनात मोजत नव्हता, पण अंजनीपेक्षा आपण फार मागे नाही, असं त्याला वाटायला लागलं. त्याने वेग वाढवला. अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्ध्यात एक चित्र थांबलं. त्याने पुन्हा कळ दाबली. काही झालं नाही.

"काकाजी, गेलं," बेबी म्हणाली. मग तिने मान वळवून पाहिलं, की त्या खुर्चीत कोण बसलं आहे.

मुरलीधरने सर्व्हर पुन्हा सुरू केला, येऊन बसला आणि पुन्हा चढवायला लागला. पंधरा मिनिटांत तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम काही चढवलं नाही, नुसता बसून राहिला. बेबीचे रिपोर्ट एकामागून एक निघत राहिले.

वही मांडीवर होती. तिसरा रकाना त्याला रिकामा ठेवता येईना आणि भरताही येईना. ज्या तीन सुट्ट्यांवर त्याने बोट ठेवलं होतं, त्या तीन दिवशी हा ढीगही असाच पडून राहिला असणार. सर्व्हर अंजनी आली की पडत नव्हता, अंजनीचं काम आलं की पडत होता. आणि होळीच्या आधीही ती हेच आणि एवढंच काम करत होती. तेव्हा पडत नव्हता. मधे एकच गोष्ट बदलली होती, आणि ती त्याच्या हातची होती.

त्या दुपारी तो खोलीत शिरला, सर्व्हरसमोर स्टूल ओढून बसला आणि नवीन कार्डाच्या सेटिंगचं पान उघडलं. स्पीडच्या समोर त्याने तेव्हा निवडलेलं तसंच होतं. यादीत सर्वांत वर ऑटो हा शब्द होता. कार्डाने दुसऱ्या टोकाशी बोलून वेग आणि पद्धत स्वतः ठरवायची. मुरलीधरला तो शब्द कधी आवडला नव्हता. यंत्राने आपलं आपण ठरवायचं म्हणजे कोणीच ठरवायचं नाही, असं तो मानत आला होता. म्हणून त्याने यादीतला सर्वांत मोठा वेग हाताने पक्का केला होता. शंभर, फुल. फुल म्हणजे बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी.

कारखान्यात एक नियम होता. ज्याने यंत्र लावलं त्याने आपला माल आपण पास करायचा नाही. मापं दुसऱ्याच माणसाने घ्यायची, तीही लावणाऱ्याला न विचारता. मुरलीधरने चौतीस वर्षं तो नियम पाळला होता, दुसऱ्यांकडून पाळून घेतला होता. इथे लॅबमध्ये लावणारा तो आणि तपासणाराही तोच. तीन महिने त्याने केबल, बॅटऱ्या, एसी आणि एक बाई तपासली. हे पान त्याने एकदाही उघडलं नव्हतं.

शनिवारी अंजनी आली. हातात साखरपुड्याच्या लाडवांचा डबा होता. तिने एक लाडू बेबीला दिला, एक मुरलीधरसमोर कागदावर ठेवला. ढीग पाहिला आणि कॉम्प्युटर सुरू करायला गेली.

"अंजनी," तो म्हणाला, "थोडं आत ये."

ती जागची हलली नाही. "कुठे आत?"

"सर्व्हरच्या खोलीत. एक पाहायचं आहे, दुसऱ्या माणसाने पाहिलं पाहिजे."

"बेबीला न्या न."

"बेबी मी म्हणेन त्यालाच हो म्हणेल. तू ये."

अंजनी दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मुरलीधरने दार उघडून धरलं तेव्हा ती आत शिरली, पण हात पदरात गुंडाळून. भिंतीवर तो छोटा डबा होता, ज्यात लॅबच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल येऊन मिळत. त्याला ते स्विच म्हणत. मुरलीधरने तिला सांगितलं, की तो सर्व्हरसमोर बसून इकडचं वाचतो, तिने तिकडे पाहून काय दिसतं ते सांगायचं. त्याने विचारायच्या आत.

"दिवे आहेत," अंजनी म्हणाली. "प्रत्येक केबलसमोर दोन-दोन. सर्व्हरच्या केबलसमोर एकच. दुसरा विझलेला आहे."

हे सांगताना तिने डब्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मुरलीधरच्या ते लक्षात आलं. त्याने स्विचबरोबर आलेली घडीची माहितीपत्रिका उघडली. दुसरा दिवा लागलेला असेल तर त्या केबलवर फुल. विझलेला असेल तर हाफ. एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने गप्प राहायचं.

त्याने कार्ड हाताने पक्कं केलं होतं, म्हणून ते दुसऱ्या टोकाला काहीच सांगत नव्हतं. स्विचने विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने सावध वाट धरली. एक टोक सारखं बोलत होतं, दुसरं आपल्या पाळीची वाट बघत होतं. किरकोळ काम निघून जात होतं. ढीग आला की दोन्ही बाजूंचं बोलणं एकमेकांवर आदळत होतं.

मुरलीधरने यादीत वर जाऊन ऑटो निवडलं. पडदा क्षणभर अडखळला. अंजनी म्हणाली, "लागला."

तो स्टुलावरून उठला नाही. त्याने पाठमोरं राहूनच विचारलं, "एकच दिवा आहे, हे तुला कधी दिसलं?"

"मागच्या महिन्यात. एसीचं पाणी गळून राहिलं होतं तेव्हा मॅडमची चावी घेऊन बादली ठेवायला आली होती."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिले काय विचारलं असतं, काकाजी?"

त्याला ते ठाऊक होतं. आत काय करून राहिली होतीस, हे विचारलं असतं.

"महिना झाला," अंजनी म्हणाली, "मी पाणी प्यायला उठते तरी आधी तुमच्याकडे पाहून उठते. वहीत काय लिहिता ते मला वाचता येते. उलटं असलं तरी."

ती काउंटरवर गेली. त्या दिवशी अकरा ते बारा तिने तीन दिवसांचा ढीग चढवला. मुरलीधर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. बेबीने एकदाही हाक मारली नाही. बारा वाजता तो उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेला, दार लावून घेतलं, आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कार्ड कोणी लावलं, कसं लावलं, हे सांगताना त्याने एकही गोष्ट गाळली नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या त्याला रागावल्या नाहीत. ते त्याला जास्त अवघड गेलं.

मग त्यांनी अंजनीला बोलावलं. अंजनी आत पाच-सात मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जसा गेला होता तसाच होता. मागून मॅडम दारापर्यंत आल्या आणि मुरलीधरला हळूच म्हणाल्या, की महिना संपला की ती जाणार आहे. चौकातल्या लॅबने तिला दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं होतं. आज मॅडमनी पगार वाढवायचं म्हटलं, तर तिने फक्त एवढंच विचारलं, की तिच्यावर आता काही ठपका उरलेला नाही ना. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग मी जाऊ शकते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर अंजनी मुरलीधरच्या खुर्चीजवळ आली. तिच्या हातात एक कोरा कागद होता.

"काकाजी, ते कसं करायचं ते मला लिहून द्या."

"काय?"

"आज केलं ते. कार्डाचं. तिकडेबी असंच होऊन राहिलं म्हणतात. हे सांगत होते."

मुरलीधरने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. म्हणजे घरी सर्व्हरचं बोलणं होत होतं. कधीपासून होत होतं? आणि तिकडचाही सर्व्हर पडत होता, तर ते डॉक्टर पेशंट कुठे पाठवणार होते? त्याने वर पाहिलं. अंजनी त्याच्याकडे बघत उभी होती, जशी काउंटरवर माणसांसमोर उभी असते, ना घाईत ना निवांत.

त्याने लिहायला घेतलं. अक्षर त्याचं मोठं आणि सुटं होतं. कोणतं पान उघडायचं, कुठल्या नावावर जायचं, यादी कुठे सापडते, त्यात काय निवडायचं. इंग्रजी शब्द त्याने देवनागरीत लिहिले, म्हणजे वाचायला अडचण नको. पाच ओळी झाल्या. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद तिला दिला.

अंजनीने तो उभ्यानेच वाचला, ओठ हलवत, एकेक ओळ. वाचून झाल्यावर तिने घडी केली नाही.

"एवढंच?"

"हो. एवढंच."

"सकाळी मला दिवे पाहायला बोलावलं होतं," ती म्हणाली. "ते यात नाही."

काउंटरवर बेबी कोणाचं तरी नाव पुकारत होती, आणि तो माणूस बाहेर रस्त्यावर असावा, कारण ती तेच नाव पुन्हा पुन्हा घेत होती. मुरलीधरने हात पुढे केला. अंजनीने कागद दिला. तारीख आणि पाचवी ओळ यांच्यामध्ये जागा कमी होती, तरी बारीक अक्षरात तो सहावी ओळ लिहायला लागला. ती पुरी होईपर्यंत अंजनी तिथून हलली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.